एका खुर्चीभोवती पाच स्पीकर

घरच्या संगणकासाठी ‘५.१’ म्हणून जो संच विकला जातो त्यात सहा डबे असतात. समोर डावा आणि उजवा, त्यांच्यामध्ये सेंटर, पाठीमागे दोन रिअर आणि टेबलाखाली ठेवायचा सबवूफर. पाच लहान स्पीकरना ‘सॅटेलाइट’ म्हणतात. सगळ्यांचा अ‍ॅम्प्लिफायर बहुधा सबवूफरच्याच पेटीत असतो आणि संगणकापासून त्या पेटीपर्यंत पिना लावलेल्या तीन वायरी जातात. ‘७.१’च्या संचात कडेचे आणखी दोन स्पीकर येतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत संगणक घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाला हा संच एका समजुतीच्या जोरावर विकला जातो : स्पीकर जितके जास्त तितका आवाज चांगला, दोन स्पीकर म्हणजे नुसते ऐकणे, पाच म्हणजे घरात थिएटर. ही समजूत चुकीची आहे. टेबलापाशी एका खुर्चीत बसून ऐकणाऱ्या माणसाला त्याच पैशांत मिळणारे दोन चांगले स्पीकर या सहा डब्यांपेक्षा चांगले ऐकवतात. हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही. ध्वनी, कान आणि खोली यांचे गुणधर्मच तसे आहेत.

श्रोत्याभोवती स्पीकर मांडण्याची कल्पना मोठ्या सभागृहांत वाढली, हे आधी लक्षात घ्यायला हवे. एप्रिल १९३३ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचे वादन टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये ऐकवले. हार्वे फ्लेचर हे या कामाचे सूत्रधार होते आणि वॉशिंग्टनमध्ये आवाजाच्या नियंत्रणापाशी स्वतः लिओपोल्ड स्टोकोव्स्की बसले होते. वादन तीन स्वतंत्र वाहिन्यांनी गेले : डावी, मधली, उजवी. मधली वाहिनी कशासाठी? रुंद रंगमंचाच्या दोन टोकांना दोनच स्पीकर ठेवले, तर कडेच्या आसनावर बसलेल्या श्रोत्याला सगळे वादन जवळच्या स्पीकरमधूनच येते आहे असे वाटते आणि मध्यभागी पोकळी पडते. सभागृहात मधोमध बसणारे थोडे आणि कडेला बसणारे पुष्कळ असतात. मधला स्पीकर त्यांच्यासाठी होता.

त्याआधी डिसेंबर १९३१ मध्ये लंडनच्या ईएमआय कंपनीत काम करणाऱ्या अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी ज्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात दोन वाहिन्यांमधून दिशेचा पूर्ण भास कसा निर्माण करता येईल याचे विवेचन होते. आज ज्याला स्टिरिओ म्हणतात त्याचा पाया तिथे आहे. दोन स्पीकर ही पाच स्पीकरांची गरिबांसाठी काढलेली आवृत्ती नव्हे. ती स्वतंत्र आणि आपल्या जागी पूर्ण अशी रचना आहे, आणि योग्य जागी बसलेल्या एका श्रोत्याला तिच्यातून फारच थोडे कमी पडते.

पुढची वाटचाल चित्रपटगृहांची आहे. १९४० मध्ये डिस्नेच्या ‘फँटेशिया’साठी प्रेक्षागृहात भोवताली स्पीकर लावण्यात आले. ७० मिमी फिल्मवर चुंबकीय पट्टीच्या सहा वाहिन्या आल्या. आपल्याकडे १९७५ मध्ये ‘शोले’ ७० मिमी आणि स्टिरिओफोनिक ध्वनीसह झळकला आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात वर्षानुवर्षे चालला. हे मिनर्व्हा लॅमिंग्टन रोडवरच होते. १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’ या चित्रपटाने डॉल्बी डिजिटलची सुरुवात झाली आणि ५.१ ही मांडणी चित्रपटगृहांत रुळली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने पाच स्पीकर कुठे ठेवावेत याची शिफारस प्रसिद्ध केली. चित्रपटगृहात कडेच्या आणि मागच्या भिंतींवर स्पीकरांची रांगच असते, कारण शेकडो प्रेक्षकांपैकी प्रत्येकाला भोवतालचा आवाज सारखा मिळावा लागतो. सेंटर स्पीकर पडद्यामागे असतो, कारण कडेच्या खुर्चीतल्या माणसालाही संवाद नटाच्या तोंडूनच यायला हवेत. हे सगळे उपाय एका अडचणीचे आहेत : श्रोते अनेक आणि जागा मोठी. संगणकाच्या टेबलापाशी ही अडचणच नाही. तिथे श्रोता एक, तो पडद्याच्या बरोबर समोर, आणि त्याचे दोन्ही स्पीकरपासूनचे अंतर सारखे. मिनर्व्हासारख्या प्रेक्षागृहासाठी शोधलेला उपाय तीन फुटांच्या टेबलावर लावणे हा रोग नसताना औषध घेण्याचा प्रकार आहे.

कान दिशा कशी ओळखतो, हे समजले की हा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडलेला सिद्धांत आजही मूलभूत मानला जातो. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी आणि डाव्याला किंचित नंतर पोहोचतो. हा फरक जास्तीत जास्त पाऊण मिलिसेकंदाच्या आतच असतो, तरी मेंदू तो अचूक पकडतो. साधारण १५०० हर्ट्‌झच्या खालच्या स्वरांसाठी ही वेळेची खूण कामी येते. त्यावरच्या स्वरांसाठी डोक्याचा आडोसा उपयोगी पडतो : पलीकडच्या कानाला आवाज कमी ऐकू येतो. वर की खाली, पुढे की मागे हे मात्र बाह्यकर्णाच्या घड्यांमुळे आवाजात जे बारीक फेरफार होतात त्यांवरून आणि मान हलवल्यावर होणाऱ्या बदलांवरून ठरते.

दोन स्पीकरमधून एकच आवाज सारख्याच वेळी, सारख्याच जोराने आला की दोन्ही कानांना एकसारखे संकेत मिळतात आणि मेंदू तो आवाज बरोबर मध्ये, पडद्याच्या जागी ठेवतो. तिथे स्पीकर नसतो, तरी गायक तिथेच उभा असल्यासारखा वाटतो. यावर पाच स्पीकरांचे समर्थक म्हणतात, की हा मध्य आभासी आहे आणि खरा सेंटर स्पीकर केव्हाही चांगला. आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही किंचित उशिराने पोहोचतो, त्यामुळे २००० हर्ट्‌झच्या आसपास आभासी मध्यात थोडा खळगा पडतो. खोलीतल्या परावर्तनांनी तो बराचसा भरून निघतो. त्याच्या बदल्यात संगणकाच्या संचातला सेंटर काय देतो? मॉनिटर मधोमध असल्यामुळे त्याला कानाच्या उंचीवर जागाच उरत नाही. तो मॉनिटरच्या पायाशी आडवा पडतो किंवा मॉनिटरच्या डोक्यावर तोल सांभाळत बसतो. खाली ठेवला की टेबलाच्या फळीवरून उसळलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो आणि काही स्वर दबतात, काही फुगतात. ज्या संवादांसाठी तो घेतला तेच संवाद डब्यातून आल्यासारखे ऐकू येतात. २००० हर्ट्‌झजवळचा लहानसा खळगा टाळण्यासाठी त्याहून मोठे दोष पदरात घेण्यात शहाणपण नाही.

आता मांडणीकडे. दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार सेंटर बरोबर समोर, डावा-उजवा समोरच्या रेषेपासून ३०-३० अंशांवर, आणि मागचे दोन १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानाच्या रेषेपासून किंचितच मागे असायला हवेत. पाचही स्पीकर श्रोत्यापासून सारख्या अंतरावर असावेत अशी अपेक्षा असते. ज्यांना मागचे स्पीकर ‘मागच्या भिंतीवर’ लावायचे असतात असे वाटते, त्यांनी ही शिफारस एकदा तरी पाहावी.

शहरी महाराष्ट्रातली ओळखीची दहा बाय दहाची खोली घ्या. संगणकाचे टेबल एका भिंतीला लागलेले, श्रोत्याचे डोके त्या भिंतीपासून सुमारे ९० सेंटिमीटरवर, समोरचे स्पीकर कानापासून ७० सेंटिमीटरवर. नियमाप्रमाणे रिअर स्पीकरही ७० सेंटिमीटरवर, खुर्चीच्या दोन्ही अंगांना, कानाच्या उंचीवर हवेत. म्हणजे खोलीच्या ऐन वावरण्याच्या जागेत दोन स्टँड उभे करायचे आणि त्यांच्या वायरी जमिनीवरून न्यायच्या. असे कोणी करत नाही आणि कोणत्याही घरात ते करूही देणार नाहीत. मग ते मागच्या भिंतीच्या दोन कोपऱ्यांत, बहुधा छताजवळ ठोकले जातात. तिथून श्रोत्याच्या कानापर्यंतचे सरळ अंतर २६० सेंटिमीटरच्या पुढे जाते आणि कोन १४५ अंशांच्या आसपास पडतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. त्यामुळे मागचा आवाज समोरच्यापेक्षा साडेपाच मिलिसेकंद उशिरा येतो. मोकळ्या जागेत तो अकरा-साडेअकरा डेसिबलने क्षीणही झाला असता. खोलीत परावर्तनांमुळे हा फरक काहीसा कमी होतो, पण संपत नाही.

साडेपाच मिलिसेकंद ही क्षुल्लक गोष्ट नाही. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये दाखवून दिले, की एकच आवाज दोन जागांहून काही मिलिसेकंदांच्या अंतराने आला, तर जो आधी पोहोचतो तिकडूनच सगळा आवाज येतो असे माणसाला वाटते. उशिरा आलेला आवाज बराच मोठा असला तरी हे बदलत नाही. केवळ मागच्याच वाहिनीत असलेला आवाज, उदाहरणार्थ पाठीमागे उघडणारे दार, मागूनच ऐकू येतो, हे खरे. पण पुढून मागे जाणारे विमान, भोवताली पडणारा पाऊस, सभागृहातल्या टाळ्या, म्हणजे ज्यांच्यासाठी सराउंड घेतले जाते ते सगळे आवाज पुढच्या आणि मागच्या स्पीकरांत वाटलेले असतात. ते समोरच्या स्पीकरांना चिकटून राहतात. मग गिऱ्हाईक रिअरचा आवाज वाढवते आणि मागच्या पलंगावर निजलेल्या माणसाच्या कानात नेमका तोच जातो. चांगल्या होम थिएटर रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचे अंतर भरून हा उशीर दुरुस्त करण्याची सोय असते. संगणकाच्या स्वस्त संचांत ती बहुधा नसते; तिथे रिअरसाठी आवाज कमी-जास्त करण्याचे एखादे बटण मिळते. वेळेची चूक आवाज वाढवून सुधारत नाही.

यापेक्षाही मोठा दोष सॅटेलाइटच्या आकारात आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. संचातल्या पाच स्पीकरांचे पडदे बहुधा अडीच-तीन इंची असतात. खालच्या स्वरांसाठी हवा जास्त ढकलावी लागते आणि इतका लहान पडदा १५०-२०० हर्ट्‌झच्या खाली ते करू शकत नाही. मग त्याखालचे सगळे काम सबवूफरवर येते. सिनेमाच्या ५.१ मध्ये ‘पॉइंट वन’ ही वाहिनी १२० हर्ट्‌झपर्यंतच्या गडगडाटासाठी राखलेली असते, आणि घरगुती थिएटरमध्ये सबवूफर साधारण ८० हर्ट्‌झच्या खालीच वापरावा असा संकेत आहे. कारण त्याखालच्या आवाजाची दिशा कानाला जवळजवळ कळत नाही, त्यामुळे पेटी कुठेही ठेवली तरी चालते. दीड-दोनशे हर्ट्‌झचे तसे नाही. तिथला आवाज कुठून येतो ते कळते.

पुरुषाच्या बोलण्यातला मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्‌झच्या दरम्यान असतो. म्हणजे अशा संचावर नटाच्या आवाजाचा भारदस्तपणा टेबलाखालच्या पेटीतून पायांपाशी येतो आणि व्यंजने मॉनिटरजवळून. एका माणसाच्या आवाजाचे दोन तुकडे होतात. बायाची घुमक, पखवाजाचा डावा हात, तंबोऱ्याचा खर्ज यांचे हेच होते : चाटीवरचा आघात टेबलावर, घुमक टेबलाखाली. तबला आयुष्यभर जवळून ऐकलेल्या माणसाला हे सहन होत नाही, आणि ज्याने ऐकला नाही त्याला तबला असाच वाजतो असे वाटू लागते. दुसरे नुकसान अधिक वाईट आहे.

यात खोली आपली भर घालते. दहा फूट, म्हणजे ३०५ सेंटिमीटर, अंतरावरच्या समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्‌झचा स्वर घुमतो. खोली चौरस असली की लांबी आणि रुंदी दोन्ही त्याच स्वराला फुगवतात, आणि छतही साडेनऊ-दहा फुटांवर असेल तर तिसरी जोडी येऊन मिळते. ध्वनीच्या दृष्टीने घनाकार खोली सर्वांत वाईट, आणि आपल्या इमारतींत लहान खोल्या बहुधा त्याच्या जवळपास जाणाऱ्या असतात. अशा खोलीच्या कोपऱ्यात, टेबलाखाली, भिंतींना खेटून सबवूफर ठेवला की ठरावीक एक-दोन स्वर गर्जतात आणि बाकीचे हरवतात. दुकानदार त्याला ‘दणदणीत बास’ म्हणतो. तो बास नव्हे. खोलीचा एकच स्वर पुन्हा पुन्हा वाजतो आहे. तो शेजारच्या आणि खालच्या घरातही जातो, कारण खालचे स्वर भिंतीने फारसे अडत नाहीत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. टेबलाखालची पेटी रात्री ही मर्यादा सहज मोडू शकते.

वॅटच्या आकड्यांबद्दल स्पष्ट बोलणे आवश्यक आहे, कारण पाच स्पीकरांचा संच विकताना सर्वांत जोराने तोच आकडा पुढे केला जातो. खोक्यावर हजारांत छापला जाणारा ‘पीएमपीओ’ हा आकडा कोणत्याही मान्य पद्धतीने मोजलेला नसतो. अ‍ॅम्प्लिफायर क्षणभर काय देऊ शकेल याचा तो अंदाज असतो, आणि तो हवा तितका फुगवता येतो. ‘आरएमएस’ म्हणून दिलेला आकडा निदान सलग मिळणाऱ्या शक्तीचा असतो. खरेखोटे पाहायला उपकरण लागत नाही. संचाच्या मागे तो विजेचे किती वॅट घेतो ते छापलेले असते, आणि भिंतीतून जेवढी वीज आत जाते त्याहून जास्त शक्ती सलगपणे बाहेर पडूच शकत नाही. मागे ६० वॅट लिहिलेला संच पुढे हजारो वॅट सांगत असेल, तर विश्वास कशावर ठेवायचा हे सांगावे लागू नये.

आणि मुळात किती वॅट लागतात? साधारण स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावरून ८५ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. ७० सेंटिमीटरवर तो आणखी तीन डेसिबलने मोठा लागतो. म्हणजे टेबलापाशी बसलेल्या माणसाला एकच स्पीकर एका वॅटमध्ये ८८ डेसिबल देतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुरक्षित म्हणून सांगितलेली मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे. एक वॅटच तिच्या पलीकडे नेतो. तबल्याची थाप किंवा पडद्यावरचा स्फोट अशा क्षणिक उसळ्यांसाठी राखीव शक्ती लागते, ती धरूनही प्रत्येक स्पीकरमागे खरे वीस वॅट टेबलासाठी पुरून उरतात. शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट मोठा वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. शेकडो वॅटचा हिशेब दिवाणखान्याला लागू असेल; टेबलाला तो लागू नाही.

पाच स्पीकर घेतले तरी त्यांना पाच वेगळे आवाज मिळतात का, हा पुढचा प्रश्न. संगणकातून ५.१ बाहेर काढण्याचे मार्ग तीन. मदरबोर्डच्या मागच्या रंगीत जॅकांमधून तीन वायरी काढता येतात : हिरवा पुढच्या दोघांचा, काळा मागच्यांचा, केशरी सेंटर आणि सबवूफरचा. एक पिन चुकीच्या भोकात गेली की संवाद पाठीमागून येऊ लागतात, आणि अनेक घरांत हे महिनोन् महिने कोणाच्या लक्षात येत नाही. दुसरा मार्ग एस/पीडीआयएफ या डिजिटल जोडणीचा. त्यातून मूळ स्वरूपात दोनच वाहिन्या जाऊ शकतात, ५.१ हवे असेल तर ते डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस असे दाबून पाठवावे लागते. चित्रपटाच्या डिस्कवर ते तसे असतेच, पण खेळातला आवाज त्या क्षणी तयार होत असल्याने तो तिथल्या तिथे दाबणारी खास सोय साउंड कार्डात लागते. तिसरा मार्ग एचडीएमआय. त्यातून आठ वाहिन्या न दाबता जातात आणि हाच मार्ग खरा योग्य आहे. पण तो रिसीव्हरपर्यंत जातो. टेबलाखालच्या स्वस्त पेटीला एचडीएमआयचे तोंडच नसते. त्यातही विंडोजमध्ये स्पीकरची मांडणी ५.१ म्हणून निवडली नाही, तर संगणक दोनच वाहिन्या पाठवत राहतो.

आणि ऐकायचे काय असते? संगणकावर ज्यात सर्वाधिक वेळ जातो ते संगीत, यूट्यूब, व्याख्याने, बातम्या, व्हिडिओ कॉल हे जवळजवळ सगळे दोन वाहिन्यांचे किंवा एका वाहिनीचे असते. ब्राउझरमध्ये चित्रपट पाहिला तर अनेकदा स्टिरिओच मिळतो. स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या त्या १९५८ मध्ये. बालगंधर्वांच्या ७८ गतीच्या तबकड्या आणि त्या काळातले सगळे ध्वनिमुद्रण एकाच वाहिनीचे आहे. असे गाणे लावले की पाच स्पीकरांच्या संचातले तीन गप्प राहतात. ते गप्प बसलेले मालकाला खुपते, म्हणून तो सॉफ्टवेअरमधली ‘सगळ्या स्पीकरांतून वाजवा’ अशी सोय सुरू करतो. मग एकच गळा पुढून आणि मागून वेगवेगळ्या वेळी कानावर येतो, काही स्वर एकमेकांना मारतात, आणि ज्या गाण्यात गायक समोर बसून गात होता ते खोलीभर सांडते. गायकाने आणि ध्वनिमुद्रकाने मिळून ठरवलेली जागा मोडण्याचा अधिकार श्रोत्याला आहे, पण त्याला सुधारणा म्हणू नये.

पाच स्पीकरांच्या बाजूचा सर्वांत सबळ युक्तिवाद खेळांचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. संगणकावरच्या खेळात आवाज खरोखर भोवताली असतो. खेळाडू वळला की तोही वळतो, आणि मागून येणारी पावले कळणे हा जिंकण्या-हरण्याचा प्रश्न असतो. १९९८ मध्ये क्रिएटिव्हचे ‘साउंड ब्लास्टर लाइव्ह’ हे कार्ड चार स्पीकरांची सोय घेऊन आले आणि खुर्चीच्या मागे स्पीकर लावण्याची चाल खऱ्या अर्थाने तिथून पसरली. त्याच काळात ऑरियल कंपनीचे ‘ए थ्री डी’ हे तंत्र दुसऱ्या वाटेने चालले होते. बाह्यकर्ण आणि डोके आवाजात जे फेरफार करतात त्यांचे गणित करून ते हेडफोनमधून किंवा दोनच स्पीकरांतून पुढे-मागे, वर-खाली असा भास निर्माण करत असे. दोन कंपन्यांत खटला झाला, ऑरियल २००० मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिची मालमत्ता क्रिएटिव्हनेच घेतली. २००७ मध्ये सर्वांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टाने खेळांना साउंड कार्डाच्या यंत्रसामग्रीशी थेट जोडणारा जुना मार्ग बंद केला आणि आवाजाचे गणित मुख्य प्रोसेसरवर आले. पण ऑरियलची कल्पना संपली नाही. २०१७ पासून विंडोज १० मध्येच हेडफोनसाठी अशी सोय आली, आणि आज अनेक खेळ स्वतःच हे गणित करतात.

हेडफोनची उणीव मान्य करायलाच हवी. प्रत्येकाचे कान वेगळे, त्यामुळे सरासरी कानासाठी केलेले गणित सर्वांना सारखे लागू पडत नाही. काहींना समोरचा आवाज डोक्याच्या आत किंवा पाठीमागे वाटतो. मान हलवली तरी हेडफोन मानेबरोबर फिरतो, त्यामुळे पुढे-मागे ओळखण्याची नैसर्गिक खूण मिळत नाही. पाठीमागे खरा स्पीकर असला की ती मिळते. नीट मांडलेले, सारख्या अंतरावरचे, एकाच जातीचे पाच स्पीकर खेळात हेडफोनपेक्षा अधिक खरा अनुभव देतात, यात शंका नाही. पण विकला जाणारा संच आणि ठोकली जाणारी जागा यांपैकी कोणतीही गोष्ट त्या वर्णनात बसत नाही. कोपऱ्यातल्या दोन स्पीकरांतून पावले ‘मागून’ आली एवढे कळते. डावीकडून ९० अंशांवर की १३० अंशांवर हे कळत नाही, कारण १४५ अंशांवरचा रिअर आणि ३० अंशांवरचा फ्रंट यांच्यामधल्या रुंद पट्ट्यात आवाज स्थिर उभाच राहत नाही. कडेला आभासी आवाज नीट ठरत नाही, हे स्टिरिओच्या अभ्यासातून फार पूर्वी कळलेले आहे. खेळासाठी चांगला साधा स्टिरिओ हेडफोन आणि खेळाच्या किंवा विंडोजच्या सेटिंगमधली अवकाशीय आवाजाची सोय एवढे पुरते. रात्री तर दुसरा पर्यायच नसतो. ‘७.१’ असे लिहिलेल्या बहुतेक हेडफोनमध्येही प्रत्येक कानाला एकच पडदा असतो आणि बाकी काम तेच गणित करते, तेव्हा त्या आकड्यासाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण नाही.

खर्चाचा हिशेब शेवटी सगळे ठरवतो. दहा हजार रुपयांत सहा पेट्या, सहा-सात पडदे, सहा वाहिन्यांचा अ‍ॅम्प्लिफायर, मीटर-मीटर वायर आणि रिमोट बसवायचा, तर प्रत्येक गोष्टीला किती पैसे उरतात? पेट्या पातळ प्लॅस्टिकच्या होतात, पडदा लहान राहतो, उंच स्वरांसाठीचा वेगळा लहान पडदा, म्हणजे ट्वीटर, नसतोच. तेच दहा हजार दोन स्पीकरांवर खर्च केले, तर लाकडी पेटी, चार-पाच इंची पडदा, वेगळा ट्वीटर आणि ७०-८० हर्ट्‌झपर्यंत प्रामाणिकपणे उतरणारा आवाज मिळतो. मग सबवूफरची निकड राहत नाही. पुढे घेतलाच, तर तो ८० हर्ट्‌झच्या खालीच वापरता येतो आणि आवाजाचे तुकडे होत नाहीत. दुरुस्तीतही फरक पडतो. ५.१च्या संचात सगळा अ‍ॅम्प्लिफायर एका पेटीत असतो. दमट हवेत किंवा विजेच्या चढउतारात तो बिघडला की पाचही सॅटेलाइट निकामी, कारण अनेक संचांत जोडणीच्या पिना त्या कंपनीपुरत्या असतात आणि त्या बाहेरच्या अ‍ॅम्प्लिफायरला लागत नाहीत.

पाच स्पीकरांना योग्य जागा आहे. वेगळी खोली किंवा मोठा दिवाणखाना, भिंतीपासून पुढे ओढलेला सोफा, त्यावर तीन-चार माणसे, समोर टीव्ही किंवा प्रोजेक्टर, आणि संगणक किंवा प्लेअर एचडीएमआयने रिसीव्हरला जोडलेला. तिथे कडेच्या माणसाला सेंटर लागतो, रिअरना अंतर मिळते आणि रिसीव्हर उशीर दुरुस्त करतो. ज्याला हे जमवता येते त्याने जरूर जमवावे. टेबलावरच्या संगणकासाठी मात्र ही मांडणी नाही.

दोन स्पीकर घेतले तरी ते नीट मांडावे लागतात, आणि हे काम फुकट होते. दोन स्पीकर आणि श्रोत्याचे डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा. ट्वीटर कानाच्या उंचीवर यावेत, त्यासाठी स्पीकरखाली ठोकळा किंवा जाड पुस्तके ठेवली तरी चालतात. तोंडे श्रोत्याकडे वळवावीत आणि टेबलाच्या पुढच्या कडेला आणावीत, म्हणजे फळीवरून उसळणारा आवाज कमी होतो. भिंतीपासून एक हात सोडता आला तर बास स्वच्छ होतो, आणि कोपरा शक्यतो टाळावा. समोरच्या भिंतीवर पुस्तकांचे कपाट आणि मागे पडदा किंवा पलंग असेल तर खोलीची गुंज बरीच कमी होते.

खरेदीला जाताना दुकानदाराचे स्फोटांचे प्रात्यक्षिक ऐकू नये. पूर्ण ओळखीचा एक आवाज मोबाइलमध्ये न्यावा : पुरुष गायकाचा एखादा अभंग, तंबोरा आणि तबल्यासह. पाच स्पीकरांच्या संचावर आणि त्याच किमतीच्या दोन स्पीकरांवर तो सारख्याच मोठ्या आवाजात लावायला सांगावा, डोळे मिटून गायक एका जागी उभा आहे का आणि बाया तबल्यातूनच वाजतो आहे का एवढेच ऐकावे, आणि मग पैसे द्यावेत.